मयुरीचं नाव घेतलं

७ जानेवारी, बुधवार

मी काही चूक केलेली नाही. हे आधी लिहून ठेवते, मग बाकीचं.

ही डायरी दगाला त्याच्या कारखान्याच्या शेठने दिवाळीला दिली. दगा म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत, पण इथे कोण वाचायला बसलंय. तो म्हणाला, किराणा लिहीत जा. किराणा माझा तोंडपाठ असतो. पारोळ्याकडे चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन धरला तो सहीपुरता. आज धरला, कारण डोकं भणभणतंय आणि सांगायला कोणी नाही.

तर झालं असं. मी सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत सेविका. झाडलोट, पाणी, घंटा, सगळं माझ्याकडे. शाळेत लायब्ररीची एक खोली आहे. आधी बंद असायची. पुस्तकं फळ्यांवर, धूळ असली तरी जागच्या जागी. दिवाळीनंतर एका संस्थेने अर्चना मॅडमना पाठवलं, लायब्ररी चालवायला, आणि त्यांनी पोरांना सरळ आत सोडलं. पोरं चपला काढून जमिनीवर लोळतात आणि वाचतात.

मॅडमची एक पद्धत आहे. आमच्याकडे घरोघरी बायका साड्यांना लेस लावतात, तिचे तुकडे उरतात. मॅडमनी प्रत्येकाला एक तुकडा आणायला लावला. वाचताना डोक्यात प्रश्न आला की त्या पानात आपली पट्टी ठेवायची, शेपूट बाहेर. शुक्रवारी शोध तास असतो. तेव्हा आपापलं पान उघडून प्रश्न सांगायचा. आणि मॅडम उत्तर देत नाहीत. म्हणतात, "मलाही नक्की माहीत नाही. कुठे शोधू या?" पगार घेते बाई आणि माहीत नाही म्हणते. मी दाराशी झाडू मारताना ऐकते आणि जीव नुसता कावतो.

सगळ्यात जास्त पट्ट्या मयुरीच्या. पाचवीतली, आमच्या गल्लीतल्या उषाबाईची पोर. एक पट्टी पुरत नाही म्हणून तिने आपली चांदीची लेस कातरून बारीक बारीक केली. तिचे प्रश्न ऐका. तापी समुद्रात गेली की पुढच्या पाण्याला तापी म्हणायचं की नाही? मुंगी छतावर उलटी चालते, तिला गरगरत नाही का? मला एकदा म्हणाली, "मावशी, तुम्ही घंटा विसरलात तर शाळा सुटणारच नाही का?" मी म्हटलं, "तू तोंड बंद केलंस तर लवकर सुटेल."

काल मॅडम ट्रेनिंगला गेल्या होत्या. मोठे सर म्हणाले, "सरलाबाई, उद्या साहेब तपासणीला येणार. लायब्ररी चकाचक पाहिजे." शाळा सुटल्यावर मी एकटीने खोली आवरायला काढली. शाळेत लागायच्या आधी माझी सगळी उमर साड्यांच्या घडी खात्यात गेली. बंडलातून एक धागा बाहेर दिसला तर शेठ बंडल तोंडावर फेकायचा. इथे तर पुस्तकापुस्तकातून चिंधी लोंबत होती. उपटल्या सगळ्या. मग मार्केटात साड्या लावतात तशी पुस्तकं शेडप्रमाणे लावली. पिवळं, केशरी, लाल, राणी, जांभळं. इतकं देखणं दिसलं की मीच बघत उभी राहिले. चिंध्या टाकायच्या कशाला, पायपुसणं होईल, म्हणून पिशवीत भरून घरी आणल्या.

आज साहेब आले, फळ्यांकडे बघून गुजरातीत म्हणाले, "बौ सरस." मोठ्या सरांची छाती फुगली. दुपारी मॅडम आल्या आणि दारातच थांबल्या. एक पुस्तक काढून उघडलं, मग दुसरं. मग म्हणाल्या, "सरलाताई, पट्ट्या कुठे गेल्या हो? मुलांचे प्रश्न होते त्यात."

मोठे सर बाजूलाच उभे. आम्ही एजन्सीकडून लागलेल्या बाया, उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. माझ्या तोंडून निघालं, "मी लावायला घेतलं तेव्हा नव्हत्याच. शेवटी मयुरी होती खोलीत. तिलाच विचारा."

एवढंच बोलले. पोरांच्या चिंध्या त्या, सोनं नव्हतं. पोर आहे, दोन शब्द ऐकून घेईल आणि विसरेल.

९ जानेवारी, शुक्रवार

मला वाटलं होतं मॅडम मयुरीला रागावतील आणि विषय मिटेल. ही बाई साधी गोष्ट साधी ठेवतच नाही.

शोध तासाला पोरं मयुरीवर तुटून पडली. "चोट्टी, माझी पट्टी दे." "हिला सगळ्यांचे प्रश्न पाहिजेत, स्वतःचे पुरत नाहीत." मयुरी म्हणाली, "मी नाही काढल्या." तर मागून कोणीतरी, "मग काय मावशी खोटं बोलते?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती पुस्तकातल्या चित्राकडे बघते ना, हे असं कसं म्हणून, तसं पाहिलं. मी झाडू घेऊन वळले.

मॅडम म्हणाल्या, "कोणाचं नाव घ्यायचं नाही. आज आपला प्रश्न हाच. पट्ट्या कुठे गेल्या?" फळ्यावर एका बाजूला लिहिलं, काय माहीत आहे. दुसऱ्या बाजूला, काय माहीत नाही. शीतल म्हणून एक उंच, शहाणी मुलगी आहे, ती म्हणाली, "मयुरीने काढल्या हे माहीत आहे." मॅडम म्हणाल्या, "हे आपण पाहिलं की ऐकलं?" ऐकलं. "कोणाकडून ऐकलं?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

मग शीतल कागद-पेन्सिल घेऊन माझ्यापुढे आली, मोठी वकीलच. "मावशी, मयुरीने पट्ट्या काढताना तुम्ही स्वतः पाहिलं का?"

पाहिलं नाही म्हणून सुटता आलं असतं. नुसतं खोलीत होती, एवढंच म्हणाले, असं सांगता आलं असतं. पण पोरीपुढे मागे कशी सरकणार. म्हटलं, "हो, पाहिलं."

तिने लिहून घेतलं.

१० जानेवारी, शनिवार

आज सकाळची शाळा. मयुरी टाकीवर पाणी प्यायली आणि सरळ वर्गात गेली. मला काही विचारलं नाही. एरवी टाकीत पाल पडली तर पाणी कोणाचं, असलं काहीतरी असतंच. बरं झालं, तेवढी शांतता.

घरी येऊन भाकरी करपवल्या.

१३ जानेवारी, मंगळवार

पोरांनी नवीनच काढलं. शीतल म्हणाली, वरच्या फळीवरच्या जाड पुस्तकांतल्या पट्ट्यापण गेल्यात. ती पुस्तकं पोरांना मॅडम काढून देतात. मग मयुरीला भिंतीशी उभं केलं, टाचा उंच करायला लावल्या. हात फळीला लागतच नाही.

"म्हणजे स्टूल घेतलं असणार," शीतल म्हणाली. स्टूल कुठे असतं? घंटेखाली. कोणाच्या ताब्यात? मावशीच्या.

खरं सांगते, वाटलं आता सुटले एकदाची, आता पकडतील. पण पोरं काय म्हणाली, तर मयुरीने मावशीकडून स्टूल मागून नेलं असेल. माझ्यापर्यंत येऊन माझ्यापलीकडे गेली. मावशी खोटं कशाला बोलेल, मावशी मोठी आहे. शीतलने विचारलं, "मावशी, तिने स्टूल मागितलं होतं का?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

मयुरी भिंतीशी तशीच उभी होती, हात खाली घेऊन. मॅडम म्हणाल्या, "पुरे. तिला बसू द्या." मग फळ्यावर लिहिलं, आठवत नाही म्हणजे माहीत नाही.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, "सरलाताई, दोन दिवस उत्तरायणची सुट्टी आहे. तुम्हाला काही बोलायचं असलं तर मी शुक्रवारी लवकर येते." मी म्हटलं, मला कसलं बोलायचं. त्यांना वाटलं असेल मला रजा हवीय. चांगली आहे बिचारी, पण भोळी. हिला कोणीही फसवेल.

१४ जानेवारी, बुधवार

गच्च्यांवर पतंग, स्पीकर, काप्यो छे काप्यो छे. आमच्या धाब्यावर सगळी गल्ली चढली. उषाबाई आली, मयुरी नाही. मी विचारलं नाही. दगाने माझ्या हातात फिरकी दिली आणि दोर गुंतला तरी माझं लक्ष नाही. म्हणाला, "तुझा पतंग कोणी कापला?"

१६ जानेवारी, शुक्रवार

मयुरी शाळेत आली नाही. मी मॅडमच्या आधी पोचले, आणि मॅडम खरंच लवकर आल्या तेव्हा पाणी भरायला निघून गेले.

येताना मुद्दाम उषाबाईच्या दारावरून आले. पोर खाली बसून साडीला स्टोन चिकटवत होती. डिंकाचा ठिपका, खडा, डिंकाचा ठिपका, खडा. मान वर नाही.

पायपुसणं अर्धं विणून झालंय. दगा म्हणाला, "त्यावर पाय ठेवू की पूजा करू? अशी बघतेस जसं सासूने दिलंय." मग म्हणाला, "ही चांदीची लेस चांगली आहे, बारीक का कापली?" मी म्हटलं, "गप जेव."

१९ जानेवारी, सोमवार

आजही आली नाही. शोध तास नव्हता तरी शीतल आणि दोघी-तिघी मधल्या सुट्टीत मॅडमकडे आल्या. म्हणाल्या, आपण सगळ्यांना विचारलं, मयुरीलाच नीट विचारलं नाही, नुसतं ओरडलो. मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं तुम्हाला सुचलं ते चांगलं झालं." मग शीतल माझ्याकडे वळली, "मावशी, ती तुमच्या गल्लीत राहते. तुम्ही बोलावून आणा ना. तुमचं ऐकतील घरचे."

मॅडम पुस्तकाला पुठ्ठा लावत होत्या. मान वर केली नाही.

संध्याकाळी गेले. उषाबाई अहिराणीत बोलते, मीही घरी तेच बोलते, पण लिहायला मला शाळेचं मराठीच येतं. "या वं सरलाबाई, बठा," म्हणाली आणि चहा टाकला. वर माझे आभार मानले. माझे.

"बरं झालं तुम्ही नजर ठेवली," म्हणाली. "तुमच्यासारखी आपली बाई शाळेत आहे म्हणून कळलं. शेजारणी सांगत होत्या, पोरींनी चोट्टी नाव ठेवलंय. मी म्हटलं, चोरीचं नाव घेऊन शाळेत जाण्यापेक्षा घरी बस, हाताला काम तरी लागेल. हिचे वडील म्हणतात परीक्षेपुरती पाठवू."

मी म्हटलं, "अगं, पोरांच्या चिंध्याच त्या."

"चिंध्या असो नाहीतर दागिना. हात लागला तर लागला."

मयुरी तिथेच होती. मी मुद्दाम म्हटलं, "काय गं, आज काही विचारत नाहीस? मी घंटा वाजवायची विसरले होते आज." विसरले नव्हते. तिने खडा लावला, बोटाने दाबला, म्हणाली, "अच्छा." बास. अच्छा.

चहा पिऊन आले. कपबशी विसळायला उठले तर उषा म्हणाली, "राहू द्या वं, तुम्ही मोठ्या."

२० जानेवारी, मंगळवार

दगाला सांगितलं. सगळं. तो कामावरून आला होता, कानात अजून मागाचा आवाज, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. शेजारी ऐकलं असेल तर ऐकलं.

तो म्हणाला, "माग बिघडला की आम्हीपण आधी शेजारच्याचं नाव घेतो."

"मग?"

"मग तो आईवरून शिव्या देतो आणि चहाला सोबत येतो. फिटतं. ही पोर शिव्या कुठे देणार?"

मी म्हटलं, नोकरी गेली तर? म्हणाला, "गेली तर घडी खातं आहेच. तू काय आज जन्मलीस?" आणि पायपुसणं उचलून कपाटावर ठेवलं. मला हे त्याचं आवडलं नाही. ओरडला असता तर बरं होतं.

२२ जानेवारी, गुरुवार

शाळेआधी उषाकडे गेले. दारातूनच सांगितलं, आत गेले असते तर पुन्हा चहा झाला असता. "उषा, पट्ट्या मी काढल्या. मयुरी नव्हती. मी पाहिलं म्हटलं ते खोटं. स्टूल माझं होतं."

ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत. म्हणाली, "मनी पोर रडीरडी सांगे, मी नई काढ्यात. मी तिले मारं, सरलाबाई. तुमन्या शबदवर मारं."

मारलं. हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मला मार."

"तुम्हाला मारून काय होईल," ती मराठीत म्हणाली, परक्याशी बोलतात तसं. "आणि माझ्या दारात काय सांगता? नाव शाळेत घेतलं ना? शाळेत जाऊन काढा."

मयुरी आतून ऐकत असेल. बाहेर आली नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

पायपुसणं रात्री उसवलं. पट्ट्या पिशवीत घातल्या आणि शोध तासाला मीच आत गेले. झाडू न घेता त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले असेन. उषा मयुरीला घेऊन आली होती, स्वतः दाराशी उभी, हाताची घडी.

मी पिशवी सतरंजीवर ओतली. म्हटलं, "मी काढल्या. साहेब येणार म्हणून. मला कचरा वाटला. मयुरीने हात लावलेला नाही."

पोरं पट्ट्यांवर झडप घालतील वाटलं होतं. कोणी हललं नाही. शीतलने तिचा कागद काढला. "पण मावशी, तुम्ही म्हणालात, मी पाहिलं. मग काय पाहिलं होतं?"

"काही नाही."

"मग का म्हणालात?"

"भ्याले."

"कोणाला?"

"सरांना. मग तुम्हाला."

"आम्हाला?" म्हणून दोघं-तिघं हसली. मी हसण्यासारखं बोलले नव्हते. मॅडमकडे पाहिलं. त्यांना धक्का बसला असणार, पण शिकलेली माणसं तोंडावर दाखवत नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "अजून कोणाला काही विचारायचंय?"

मयुरी उभी राहिली. एवढ्या दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता, बारीक झाला होता. "मावशी, खोलीत तर शीतलपण होती त्या दिवशी. आणि बाकीचेपण. माझंच नाव का घेतलं?"

यावर मी विचार केला नव्हता. खरंच नव्हता. जे तोंडात आलं ते बोलले होते. पण ती बघत होती, आणि माहीत नाही म्हणायचं तर तेही खोटं झालं असतं. उभ्या उभ्या माझं मलाच कळलं.

म्हटलं, "तू सारखी विचारतेस म्हणून. सगळ्यांना तुझा कंटाळा येतो असं मला वाटायचं. तुझं नाव घेतलं तर सगळ्यांना खरं वाटेल, म्हणून."

कोणी हसलं नाही. दाराशी उषाने पदर तोंडाला लावला. मयुरी "अच्छा" म्हणाली आणि खाली बसली.

मॅडमनी पोरांना सांगितलं, आपापली पट्टी घ्या आणि ज्या पानावर प्रश्न होता ते पान पुन्हा शोधा. पोरं पुस्तकांवर पडली. माझी शेडची फळी विस्कटली. एकेकाला पान सापडायचं, ओरडायचा. काहींना पान सापडलं आणि प्रश्न आठवेना. एक जण तर रडायला लागला, म्हणे मला माहीत होतं मी काय विचारणार होतो. मी तिथेच भिंतीशी होते. पट्ट्या परत आणता आल्या, हे परत कुठून आणू.

चांदीचे तुकडे सतरंजीवर तसेच पडले होते. मयुरीने घेतले नाहीत.

मोठ्या सरांना मीच जाऊन सांगितलं. म्हणाले, "अहो, चिंध्यांचं काय एवढं? साहेब खूश झाले ना?" एवढ्यासाठी मी पोरीचं नाव घेतलं होतं.

३० जानेवारी, शुक्रवार

मयुरी रोज येते. उषा सोडायला येते, माझ्याकडे बघत नाही. गल्लीत समोर आली तर पाण्याचा हंडा दुसऱ्या हातात घेते. ठीक आहे.

लायब्ररीत मयुरी वाचते. पोरं तिच्याशी बोलायला लागली, शीतल तर चिकटूनच बसते. पण मी एक बघितलं. ती मॅडमना काही विचारत असते, हात हलवत, आणि मी पाणी घेऊन आत गेले की मध्येच थांबते. भांडण नाही, तोंड फिरवणं नाही. नुसती थांबते, आणि मी बाहेर गेल्याशिवाय पुढचा शब्द नाही. मॅडमनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मलाच शोधायला लावतात, ही त्यांची पद्धत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शोध तासाआधी मी खोली झाडून घेतली, पाण्याची बाटली ठेवली, दार लोटलं आणि बाहेर बाकावर बसले. आता शुक्रवारी असंच करायचं ठरवलंय. मोठे सर जाता जाता म्हणाले, "सरलाबाई, आत उजेड, पंखा सोडून इथे उकाड्यात?" म्हटलं, बरं वाटतं.

आतून पोरांचा गलका आला, मग कमी झाला. मग तिचा आवाज. आधी हळू, मग भरभर, एकातून दुसरं काढत. विचारत होती, आपण बोलतो तो आवाज बोलून झाल्यावर कुठे जातो? संपतो की भिंतीत जातो? भिंतीत गेला तर आधीच्या सगळ्या वर्गांचा आत असेल ना? आणि कोणी वाईट बोललं असेल तर तेपण?

मॅडम म्हणाल्या, "मलाही नक्की माहीत नाही."

मलाही माहीत नाही. मी बाकावरून उठत नव्हते, खोकलापण दाबून धरला. पुढचं ऐकायचं होतं.